तालमीच्या हौद्याखालचं पाणी

"हितं भोक पाडायचं न्हाय."

ज्ञानू वस्ताद तालमीच्या दारात आडवे उभे होते. दार मुळातच बुटकं आणि अरुंद, त्यात वस्तादांचा देह. आत उंदीर जायलासुद्धा जागा उरली नव्हती. माझ्या मागे आमची दोन माणसं ऑगर घेऊन ताटकळत होती. ऑगर म्हणजे जमिनीत पिळत घालायचं लांबलचक लोखंडी गिरमिट. त्याने खालची माती वर येते आणि पाणी किती खोलावर आहे ते कळतं.

"वस्ताद, एकच घेऊ. मनगटाएवढं," मी म्हटलं.

"मनगटाएवढं असू द्या न्हाय तर करंगळीएवढं. हौद्यात लोखंड घालायचं ते खोऱ्याचं, माती उकरायला. ते बी आमच्या हातानं. गिरमिट घालायला ह्यो काय सुताराचा पाट हाय व्हय?"

"मग निदान मला आत उतरून बघू द्या."

"बाई, राग मानू नका. हौद्यात बायकांनी उतरायचं न्हाय. आमच्या वस्तादांनीबी उतरू दिलं नसतं."

राग आला होता. पण वस्ताद ते इतकं अवघडून म्हणाले, की भांडणाचा जोर निघून गेला. शिवाय मी तिथे रीत बदलायला नव्हे, पाणी शोधायला गेले होते. मी माणसांना म्हटलं, चला, बाहेर रस्त्याच्या कडेला घेऊ.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली. मी कोल्हापुरातल्या एका लहान सॉइल कन्सल्टन्सीत काम करत होते. इमारत उभी राहण्याआधी खालची जमीन किती भार पेलेल, पाणी कुठे लागेल, हे सांगणं आमचं काम. ऑफिसात माणसं मोजकी. माने सर मालक, आणि मी त्यांची 'डिझाइन डिपार्टमेंट'. डिपार्टमेंट म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि खिडकीतून येणारा चहाच्या गाड्याचा धूर.

काम आणलं होतं विलासराव बिल्डरनी. आमचे जुने क्लायंट. तरुणपणी पेठेतल्या याच तालमीत, याच वस्तादांच्या हाताखाली तयार झालेले. आता मोठी असामी, पण तालमीच्या दारात आले की आजही वाकून मगच बोलायला सुरुवात करायचे.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. हौदा म्हणजे कुस्तीची जागा. जमिनीच्या खाली खोलगट खड्डा आणि त्यात मऊ लाल माती. ती माती रोज उकरायची, मळायची, जपायची. गेल्या पावसाळ्यात या मातीत ओल धरली. या पावसाळ्यात तिचा चिखल झाला. पाऊस संपला तरी चिखल वाळेना, वास मारायला लागला. पैलवानांच्या अंगावर पुरळ उठायला लागलं, तसं वस्तादांनी कुस्त्या बंद केल्या.

विलासरावांचा उपाय तयार होता. हौदा बुजवायचा, वर काँक्रीट टाकायचं आणि त्यावर मॅट अंथरायची. खर्च सगळा त्यांचा. वाईट हेतू अजिबात नव्हता. उलट गुरूसाठी काहीतरी करतोय, याचाच त्यांना आनंद होता. वस्ताद त्यांच्यासमोर काही बोलले नाहीत. नंतर मी जागा बघून बाहेर पडत असताना जवळ येऊन म्हणाले, "मॅटवरचं मला काय येतंय, बाई? माझं सगळं मातीतलं. हौदा बुजला की मी आपला मुरगूडला भावाकडं जाणार. हितं बसून कुणाचं काय बघू?"

वस्तादांना बायको-पोर नव्हतं. तालमीच्या माडीवर एक खोली, तेच त्यांचं घर. 'मुरगूडला जाणार' हे ते सहज बोलल्यासारखं बोलले आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले.

म्हणून मीच माने सरांना गळ घातली. काँक्रीट टाकण्याआधी पाणी येतं कुठून ते तरी बघू या. विलासरावही तयार झाले. म्युनिसिपालटीची पाइपलाइन फुटलेली असणार, अशी त्यांची खात्रीच होती.

आता अडचण अशी, की हौद्यात बोअर घेता येत नाही. म्हणजे हौद्याच्या खाली काय चाललंय ते आजूबाजूच्या मोजणीवरून काढायचं. त्याची रीत आहे. जमिनीचा उभा छेद कॉम्प्युटरवर काढायचा आणि ताटात वड्या पाडतात तसे त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात कुठली माती, तिच्यातून पाणी किती सहज जातं, ते सांगायचं. मग प्रोग्रॅम एकेका तुकड्याचा शेजारच्या तुकड्याशी हिशेब जुळवत जातो आणि शेवटी पाण्याची पातळी कुठे राहील ते दाखवतो. याला फायनाइट एलिमेंट म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम चिकाटीचं आहे.

असा प्रोग्रॅम विकत घ्यायचा तर परदेशी कंपनीचा. त्याची किंमत ऐकून माने सरांनी फोन हळूच खाली ठेवला होता.

"सर, फुकटचा एक आहे," मी म्हटलं.

"चोरीचा?"

"नाही हो. ओपन सोर्स."

परदेशातल्या विद्यापीठांमधल्या काही मंडळींनी तो लिहिला होता आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. नुसता वापरायला नव्हे. आतला कोडसुद्धा वाचा, बदला, सुधारा, दुसऱ्याला द्या. परदेशी मशीन आलं की आधी खोलून बघणारं आमचं गाव. शिरोली एमआयडीसीत कुणालाही हे एका वाक्यात पटलं असतं. माने सरांना जरा वेळ लागला.

"फुकट का देतात?"

"त्यांना आवडतं म्हणून."

"हं. वापर. पण फुकटचं आहे हे क्लायंटला सांगू नकोस."

डायल-अपवर तो डाउनलोड व्हायला दिवस गेला. मध्ये दोनदा कुणीतरी फोन उचलला आणि सगळं पहिल्यापासून.

आम्ही रस्त्याच्या कडेला, तालमीच्या परसात आणि विलासरावांच्या इमारतीच्या दोन्ही अंगांना बोअर घेतले. ही इमारत तालमीला लागूनच, उताराच्या, नदीकडच्या बाजूला. वर काळी माती, तिच्याखाली पिवळा मुरूम आणि त्याखाली काळा खडक, असा सगळीकडे थर लागला. बोअरमध्ये भोकं पाडलेले पाइप सोडले. त्यांच्या आत पाणी जमिनीतल्या पातळीपर्यंत येऊन थांबतं, मग वरून टेप सोडून मोजायचं.

हौद्यातली माती मात्र, चिखल होण्याआधी बाजूला काढून ठेवलेली, वस्तादांनी स्वतः आणून दिली. स्वच्छ फडक्यात बांधून, देवाचा प्रसाद द्यावा तशी. मी ती तशीच लॅबला पाठवली. दुसऱ्या दिवशी लॅबवाल्याचा फोन.

"मॅडम, ही माती पाणीच पीत नाही. वर टाकलं की थेंब होऊन बसतंय. आणि लॅबमध्ये वास सुटलाय."

"कसला?"

"भूक लागतीय मॅडम, एवढंच सांगतो."

मी वस्तादांना विचारलं, मातीत काय काय घालता? त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिळाचं तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर. वर्षानुवर्षं. माने सरांनी लॅबचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "ही माती आहे का फोडणी?"

असल्या मातीसाठी कुठल्याही पुस्तकात आकडा नव्हता. प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची एक मेलिंग लिस्ट होती. म्हणजे एक सामायिक पत्ता. तिथे ईमेल टाकला की जगभरच्या वापरणाऱ्यांना जायचा आणि ज्याला येतं तो उत्तर द्यायचा. मी सगळं साहित्य प्रामाणिकपणे लिहून विचारलं, की ही माती मॉडेलमध्ये कशी धरू? पहिलं उत्तर आलं ते कुठल्याशा थंड देशातल्या प्राध्यापकांचं. 'आपला पाककृतीचा ईमेल चुकून इथे आला असावा.'

मी कुस्ती म्हणजे काय, तालीम म्हणजे काय, यावर लांबलचक निबंध पाठवला. त्यावर मात्र त्यांनी पान-दोन पानं भरून मदत केली. वेगळा पातळ थर धरा, लॅबमध्ये अमुक चाचणी करा, त्यावरून आकडा असा काढा. ओळख ना पाळख, गाव ऐकलेलं नाही, आणि हा माणूस माझ्या हौद्यासाठी डोकं लावत बसला होता. शेवटी लिहिलं होतं, 'वस्तादांना माझा नमस्कार सांगा.' मी सांगितला. वस्तादांनी विचारलं, "पावणं कुठल्या तालमीचं?"

सगळं भरून मी पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर पाण्याची निळी रेघ आली ती थेट रस्त्याच्या वर. हौदा बुडाला, तालीम बुडाली, अख्खी पेठ पाण्याखाली.

माने सर मागे येऊन उभे राहिले. "पंचगंगा आली वाटतं गावात."

मी आकडे तपासले. मातीचे बरोबर, पावसाचा बरोबर, एककं बरोबर. दुपार त्यातच गेली. मग लक्षात आलं. मॉडेलच्या कडा राहिल्या होत्या. आपण जमिनीचा एक तुकडा कापून घेतो, तेव्हा त्याच्या कडांना काय होतं ते प्रोग्रॅमला सांगावं लागतं. वरच्या कडेने पाणी येतं, ते मी सांगितलं होतं. खालच्या, नदीकडच्या कडेने ते बाहेर जातं, हे सांगायचं राहून गेलं. आणि या प्रोग्रॅमचा नियम असा, की ज्या कडेबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत ती बंद. तिथे भिंत आहे असं तो धरून चालतो. पाणी वरून येत राहिलं, जायला वाट नाही, म्हणून पेठ बुडाली.

मी कड उघडली आणि पुन्हा चालवला. पाणी झरझर खाली गेलं. आता हौदा ठणठणीत कोरडा. खऱ्या हौद्यात मात्र चिखल. म्हणजे हेही चूकच.

जेवायच्या सुट्टीत सर आणि मी डबे उघडून बसलो होतो. माझं लक्ष भाकरीत नव्हतं.

"सर, नदीकडची कड बंद राहिली तर अख्खी पेठ बुडाली."

"हं."

"मग नदीकडच्या बाजूला जमिनीत कुणी खरोखरच भिंत घातली असेल तर?"

सरांचा घास हातातच राहिला. विलासरावांच्या इमारतीला बेसमेंट पार्किंग होतं. त्याची आरसीसी भिंत एका बोळापासून दुसऱ्या बोळापर्यंत सलग, आणि खाली थेट खडकात रुतवलेली. आजवर वरून मुरमातून गपगुमान नदीकडे जाणारं पाणी त्या भिंतीला येऊन थटत होतं. इमारत झाली आणि पुढच्याच पावसाळ्यात हौद्याला ओल धरली होती.

मी मॉडेलमध्ये ती भिंत घातली. निळी रेघ भिंतीच्या मागे फुगली आणि बरोबर हौद्याच्या तळाला येऊन टेकली. पाइपमधल्या मोजणीशी ताडून बघितलं. भिंतीच्या तालमीकडच्या अंगाला पाणी वर, पलीकडच्या अंगाला खूप खाली. जुळलं. ज्या हौद्यात मला उतरता येत नव्हतं, त्याच्या खालचं सगळं आता मला दिसत होतं. मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. मग सरांचं तोंड बघितलं.

"विलासरावांच्या पैशानं विलासरावांनाच धरायचं," सर म्हणाले.

"रिपोर्टात काय लिहू मग?"

त्यांनी डबा बंद केला, हात धुतले, परत आले. "जे आहे ते लिही. फक्त शब्द मऊ वापर. आणि रिपोर्ट नुसता पाठवायचा नाही. आपण समक्ष जाऊन सांगू."

तालमीच्या बाहेरच्या खोलीत आम्ही जमलो. विलासराव, वस्ताद, सर आणि मी. कट्ट्यावर ऑफिसचा जाडजूड लॅपटॉप ठेवला. मी चित्रं दाखवत गेले. विलासराव आधी मान डोलवत होते. बेसमेंटचं नाव निघालं तशी मान थांबली.

"बाई, माझी बिल्डिंग खालच्या अंगाला हाय. खालचं पाणी वर चढायला लागलं व्हय कोल्हापुरात?"

"चढत नाही. वरचं खाली जायचं थांबलंय. ओढ्याला बांध घातला की पाणी बांधाच्या वरच्या अंगाला तुंबतं, तसं."

"आनि पाइपलाइन? तिचं काय? ती तर वरनंच गेलीया."

"पाइपलाइन फुटली असती तर रस्त्याच्या कडेच्या पाइपात पाणी सगळ्यात वर असतं. तिथे ते खाली आहे. तुमच्या भिंतीपाशी वर आहे. हे बघा, फुटलेली लाइन धरूनही चालवून बघितलंय. तसं चित्र येत नाही."

विलासरावांनी लॅपटॉपकडे बोट केलं.

"ह्यो प्रोग्रॅम कुठल्या कंपनीचा?"

सरांना खोकला आला.

"कंपनीचा नाही," मी म्हटलं. खोटं बोलायला मला जमत नाही, आणि तेव्हा तर सुचलंही नाही. "फुकट आहे. कुणालाही मिळतो."

"फुकट?" विलासराव उठूनच उभे राहिले. "अवो, फुकटच्या प्रोग्रॅमवर माझी बिल्डिंग धरताय व्हय तुम्ही? माने सर, काय ह्ये? फुकटच्या मालाला काय किंमत असतीया का? उद्या कोनबी काय बी फुकट वाटंल, त्ये खरं मानायचं?"

सरांनी तोंड उघडलं, पण त्याआधी कोपऱ्यातून आवाज आला.

"इलास."

वस्ताद इतका वेळ नुसती पडद्यावरची चित्रं बघत होते. निळं, लाल त्यांना काही कळत नव्हतं आणि कळतंय असा आवही त्यांनी आणला नव्हता.

"जी वस्ताद."

"तुला मी फी किती लावलेली रं?"

"काय वस्ताद, कुठला इषय कुठं..."

"न्हाय, सांग की. पाव्हण्यांम्होरं सांग. पहाटचं उठवून ह्या मातीत घोळवला तुला. डाव शिकवलं, आंग मळून दिलं, तुझ्या बापाच्या आधी मी तुझं जेवान बघितलं. फी किती घेतली?"

विलासराव खाली बघत होते. "न्हाय घेतली."

"फुकट शिकवलं न्हवं? मग त्ये बी खोटंच म्हनायचं काय?"

सर लॅपटॉपच्या वायरकडे बघत राहिले. मला वाटलं, विलासराव आता निघून जातील आणि त्यांच्याबरोबर आमचं कामही. ते निघाले नाहीत. कट्ट्यावर, वस्तादांच्या पायाशी बसले. पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बाई, उपाय दावतोय का ह्यो तुमचा फुकट्या?"

दाखवत होता. भिंतीच्या मागून खडकापर्यंत चर खणायचा, त्यात खडी आणि भोकांचा पाइप घालायचा, आणि तुंबलेलं पाणी इमारतीला वळसा घालून खालच्या अंगाला सोडायचं. मी तो चर त्यांच्यासमोरच मॉडेलमध्ये काढला आणि प्रोग्रॅम चालवला. लॅपटॉप घरघरत बसला. तोवर चहा आला. कप रिकामे व्हायच्या सुमाराला निळी रेघ हौद्यापासून सुटली आणि खाली गेली.

"म्हणजे माझे पेव्हर उचकटायला लागनार," विलासराव म्हणाले. इमारतीच्या मागची फरशी नुकतीच बसवली होती.

"सगळे."

"उचकटू." ते वस्तादांकडे वळले. "मॅटचं राहू द्या मग, वस्ताद."

"आन की मॅट," वस्ताद म्हणाले. "ह्या खोलीत टाकू. पोरांस्नी तालुक्याच्या कुस्तीला मॅटवरच धरायला लागतंय. पर हौदा ऱ्हाऊ दे."

मला त्या क्षणी दोघंही फार आवडले. एकाला शिष्याचे कान धरता आले आणि दुसऱ्याला चारचौघांत ते धरू देता आले.

चर झाला. पाइपांतलं पाणी उतरलं, मॉडेलने सांगितलं होतं त्यापेक्षा थोडं कमीच, पण पुरेसं. पुढच्या पावसाळ्यात मी कळंब्याच्या घरून ऑफिसला येताना रोज वाट वाकडी करून टेप सोडायला जायची. पाणी हौद्यापर्यंत आलं नाही. वस्तादांनी जुनी माती काढून टाकली, नवी आणवली आणि तिला पहिल्यापासून तेल, ताक, हळद पाजायला सुरुवात केली. मुरगूडचा विषय पुन्हा निघाला नाही.

सगळं झाल्यावर मी मेलिंग लिस्टवर निकाल कळवला. त्या प्राध्यापकांना तो इतका आवडला, की त्यांनी माझं मॉडेल मागून घेतलं. प्रोग्रॅमबरोबर शिकणाऱ्यांसाठी काही नमुन्याची उदाहरणं येतात. त्यांत आमची तालीम घातली. नाव 'तालीम' असंच.

मी वस्तादांना सांगायला गेले. म्हटलं, आता कुठल्या कुठल्या देशातली पोरं कॉम्प्युटरवर तुमचा हौदा उघडणार, त्यात पाणी सोडणार आणि काढणार.

वस्ताद विचारात पडले.

"त्यांस्नी फी हाय का?"

"नाही."

"मग येऊ द्यात. पर पायताण भाइर काढून उतरा म्हनावं."

म्हणून त्या फाइलच्या सुरुवातीला मी दोन सूचना लिहिल्या. पहिली, सगळ्या कडांच्या अटी सांगा, न सांगितलेली कड बंद धरली जाते. दुसरी, चपला बाहेर काढा. पहिली सूचना लोक आजही विसरतात आणि पेठ बुडवून मला ईमेल करतात. दुसरीबद्दल आजवर एकानेही का म्हणून विचारलेलं नाही.